पंधरा किलोंचा सूड

२ एप्रिल

मनस्वीनं मोबाईलवर माईकचं चित्र दाखवलं. ते दाबायचं आणि बोलायचं, तो लिहितो. तारीखही स्वतःच टाकतो म्हणे. नातीला शपथ घातली आहे, वाचायचं नाही. मला वाचता येत नाही. म्हणजे गुपित पक्कं.

बोलायला कारण घडलं आहे. विपुलनं जेवताना जाहीर केलं, मे महिन्यात मसुरी. विमानानं. आम्ही चौघं आणि संध्याची आई. म्हणजे माझी विहीण, कोपरखैरण्याची मालतीबाई. भाकरी घशात अडकली.

पाणी पिऊन होतंय तोवर दुसरं जाहीर केलं. माणशी पंधरा किलो सामान. आईची बॅग एक किलोनं जरी जास्त भरली तर ही तिची शेवटची ट्रिप, पुढच्या सुट्टीपासून ती सारसोळ्यालाच, शेजारच्या चांगुणाबाईच्या सोबतीला. सुनेकडे बघून बोलला, पण मला ऐकू जाईल असं.

पोटचा मुलगा. नऊ महिने वाहिला याला, तेव्हा जास्तीचं भाडं मागितलं नव्हतं मी.

ठराव. बॅग पंधराच्या आत. तरीही माझा मसाला मसुरीला जाणार. आणि सूड घेणार. संध्या आली, बंद करते.

३ एप्रिल

सूड कशाचा ते बोलून ठेवते, म्हणजे राग ताजा राहील.

मागच्या दिवाळीत जयपूर. काउंटरवरच्या लाल ओठांच्या पोरीनं माझी बॅग पट्ट्यावर ठेवायला लावली, आकडा बघितला आणि जास्तीचे पैसे मागितले. विपुल म्हणाला, बोंबलाला विमानाचं तिकीट मी काढणार नाही. तिथंच फरशीवर बॅग उघडली. बोंबील बाहेर. जवळा बाहेर. भाकरीचं पीठ बाहेर. मसाल्याची बरणी बाहेर. मागची लाईन लिलाव बघावा तशी बघत होती. सगळं उचलून आम्हाला सोडायला आलेल्या टॅक्सीवाल्याला दिलं. वर्षाचा मसाला, गच्चीवर उन्हात डोळे जाळून केलेला. तो टॅक्सीवाला शाकाहारी होता.

मालतीबाई बाजूला उभी. एवढीशी चाकांची बॅग, तीही गुलाबी. ती म्हणाली, “विहीनबाई, फिरायला चाललाव का संसार मांडायला?”

संध्या हसली. मनस्वी हसली. लाल ओठांचीही हसली, आणि ती तर आमच्या नात्यातलीही नाही.

मग जयपूरला आठ दिवस पिठल्याच्या वड्या पिठल्यात बुडवून खाल्ल्या. प्रत्येक घासाला शपथ घेतली आहे.

यादी तोंडी आहे, विसरणार नाही. एक विमानवाले. दोन मालतीबाई. विपुलचं नंतर बघू, त्याचं जेवण माझ्याच हातात आहे.

९ एप्रिल

मालतीबाईनं संध्याबरोबर भेट पाठवली. बॅग मोजायचा काटा. आकड्याला बॅग लटकवायची, वर नंबर येतो. तुमच्या सोयीसाठी, असा निरोप. सोय कोणाची ते मला कळतं.

जन्मभर मासळी विकली मी. काट्याला हात लावला नाही. मासळी वाट्यानं विकायची, नजरेनं वाटा लावायचा, गिऱ्हाईक कुरकुरलं तर वर एक मांदेली टाकायची. काटा ठेवतो तो वाणी. काट्याला नजर नसते आणि वर टाकायची दानतही नसते.

काटा चांगुणाबाईला देऊन टाकला. तिनं बाजारात खिळ्याला अडकवून त्यावर छत्री टांगली आहे. छत्री किती किलोची आहे ते आता सगळ्या बाजाराला माहीत.

माझा काटा माझ्या डोक्यावर आहे. पाटी डोक्यावर घेतली की आत किती माल आहे ते मानेला कळायचं. दादरला उतरून घरोघर फिरले आहे. मान खोटं बोलत नाही.

१६ एप्रिल

पत्र्याच्या पेटीमागून जुनी चुंबळ काढली. साडीच्या धडप्याचीच, पण बसून बसून तिला माझ्या डोक्याचा आकार आला आहे. बॅग भरली, संध्या ऑफिसला गेल्यावर डोक्यावर घेतली. मनस्वीनं विचारलं, आजी, रील बनवतेस का? हो म्हटलं, जा आत.

अठरा किलो. मानेनं लगेच सांगितलं.

तांदळाचं पीठ काढलं. एक चादर काढली. पुन्हा डोक्यावर. आता पंधरा. सोपं आहे. उगाच लोक मशिनी विकत घेतात.

२० एप्रिल

सहज पुन्हा डोक्यावर घेतली. सतरा. बॅगेला कोणी हात लावलेला नाही, मी कुलूप लावलं होतं.

विचार केला. दमट हवा. सुकी मासळी हवेतलं पाणी ओढते, हे कोळ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. खाडीकाठी ठेवलेली बॅग जड होणारच.

जवळा काढला. जाडी शाल काढली. पंधरा.

मान जरा दुखते. संध्यानं उशी बदलली आहे, त्यामुळे.

२४ एप्रिल

सोळा! एवढा दमटपणा कुठून येतो.

बोंबील काढले. मग मसाल्याची बरणी हातात घेऊन बसून राहिले. ती काढायची म्हणजे मालतीबाई जिंकली.

तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. विमानवाले बॅग मोजतात. बाई मोजत नाहीत. बाईच्या अंगावर काय आहे ते कोण बघतो? बरणी गेली खड्ड्यात, मसाला पिशव्यांत भरायचा आणि अंगावर न्यायचा. बोंबीलही. जवळाही. मोजा म्हणावं आता.

विपुल संध्याकाळी आला, माझी बॅग एका हातानं उचलली आणि एवढीच का, असं विचारलं. मला गाफील ठेवायचा डाव आहे. तो गेल्यावर अजून दोन पातळं काढली.

२६ एप्रिल

आमच्या ह्यांचा जुना कोट घेऊन सादिक टेलरकडे गेले. म्हटलं, आतून खिसे लाव. किती, असं त्यानं विचारलं. म्हटलं, कोट संपेपर्यंत. त्यानं चष्मा वर केला, दाराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, चाची, सोनं वगैरे आहे का, मी बालबच्चेवाला माणूस. म्हटलं, बोंबील आहेत. तेव्हा कुठे मशीन चालू केली. शिवता शिवता म्हणाला, त्याची खाला, म्हणजे मावशी, श्रीवर्धनहून येताना असंच करते, पण ती एसटीनं येते.

बोंबलाला लांब खिसे. जवळ्याला बटणाचे. मसाल्याला छातीजवळ दोन, डावीकडे आणि उजवीकडे, तोल राहावा म्हणून.

३० एप्रिल

कोटाची रंगीत तालीम. सगळा माल भरून सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत चालत जाऊन आले. दुपारचं ऊन. घाम असा की आतला माल पुन्हा ओला व्हायचा. मध्ये एकदा बसले. दमले म्हणून नाही, समुद्र बघायला.

परत येताना मागे मांजरं. वळले की थांबायची, चालले की चालायची. चांगुणाबाई दारातून म्हणाली, गोजरा, वरात कोणाची? मोठ्या कामाची लोक अशीच चेष्टा करतात.

विपुलनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

४ मे

आता विमानवाल्यांचं. ह्या वेळी विमान जुन्या विमानतळावरून नाही, नव्यावरून. खाडीपलीकडच्या. आणि तिथं माझं माहेर आहे. आहे म्हणजे खाली आहे. बापाची मिठाची कोंडी होती, भाताची दोन खाचरं होती, वेशीवर गावदेवी होती. सगळं भरावाखाली गेलं, वर विमानं उतरतात.

भाषण पाठ केलं आहे. मोरीत नळ सोडून म्हणते, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. काउंटरवरची पोरगी जास्तीचं वजन म्हणाली की मी म्हणायचं, पोरी, तू बसलीस तिथं माझ्या बापाचं मीठ पिकायचं. लेक माहेराहून निघते तेव्हा तिच्या गाठोड्याला काटा लावत नाहीत. माझ्या आईनं कधी लावला नाही. भाऊ तर डोक्यावर घेऊन वेशीपर्यंत यायचा, वर अजून एक सुरण टाकायचा. तू माझ्या माहेरात बसून मला मोजतेस?

इथं थांबायचं. लाईन गप्प होईल. विपुल खाली बघेल. मालतीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं तर मी तिच्याकडे बघणार नाही.

अडचण एकच. बॅग पंधराच्या आत असली तर भाषण म्हणायची वेळच येणार नाही. आणि जास्त भरली तर ट्रिप बंद. रात्रभर ह्याचा विचार केला. भाषण तरीही म्हणायचं, असं ठरलं.

बॅग आज पुन्हा डोक्यावर घेतली. पंधरा. रेघेवर. आत आता दोन पातळं, एक स्वेटर, औषधं आणि देवीचा फोटो आहे. बॅगेचं कापडच जड असणार.

७ मे, दुपार

उद्या विमान. मालतीबाई राहायला आली. गुलाबी बॅग हॉलमध्ये ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, घरच्या वजनाच्या काट्यावर मोजून आणली आहे, बरोब्बर पंधरा. मी बाई हलकी, मला पसारा आवडत नाही, म्हणाली. माझ्या कोटाकडे बघून विचारलं, मसुरीला बर्फ हाय काय आता?

बोल, म्हटलं मनात.

ती आंघोळीला गेली. माझा पाटा-वरवंटा ओट्याखाली असतो. मिक्सर आल्यापासून त्याला विचारत नाही कोणी. वरवंटा काढला. दोन हातांनी काढला, काळा दगड, निसटता. बॅगेत वाजू नये म्हणून मनस्वीच्या लहानपणीच्या दुपट्यात गुंडाळला. गुलाबी बॅगेच्या तळाशी, स्वेटरांखाली सरकवला. चेन लावली.

बरोब्बर पंधरा काय. उद्या काउंटरवर कळेल संसार कोणाचा आहे. फरशीवर तिची बॅग उघडणार, तिचे परकर बाहेर येणार, आणि मी विचारणार, विहीणबाई, फिरायला चाललाव का?

आज मला भूक लागली. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

८ मे, विमानतळावर

घाईत बोलते. विपुल पाणी आणायला गेला आहे.

काउंटरवर पोरगी होती, पण ओठ लाल नव्हते. डोक्याला रुमाल, नावाची पट्टी. मनस्वीनं वाचलं, उझमा. मला बघून म्हणाली, या आजी, बॅग द्या, वाकू नका. तिनंच उचलून पट्ट्यावर ठेवली.

आठ किलो. वर थोडंसं.

म्हटलं, मशीन बिघडलं आहे. पुन्हा ठेवायला लावली. आठ. बाजूच्या मशीनवर ठेवायला लावली. तिथंही आठ. दोन्ही मशीन एकाच कंपनीची असणार. पंधरा किलो मी मानेवर तोललेत, आठ कसे होतील?

विपुलनं विचारलं, आई, सात किलो जागा आहे, कोटातलं काही टाकायचं का? म्हटलं, कोटात काही नाही.

मग गुलाबी बॅग. साडेएकोणीस. मालतीबाईचा चेहरा पडला, ती म्हणाली, असं कसं, घरी मोजली ना मी. मी तोंड उघडलं. फिरायला, एवढं म्हणाले.

तेवढ्यात ती उझमा म्हणाली, काही हरकत नाही, पाचही जण एकाच बुकिंगवर आहेत, वजन एकत्र धरतात, आजींची बॅग इतकी हलकी आहे की सगळं बसतं. टॅग लावला. गेल्या दोन्ही बॅगा आत, एकीमागे एक, बहिणी असल्यासारख्या.

मालतीबाईनं माझा हात धरला. म्हणाली, विहीनबाई, तुमच्यापायी वाचले.

भाषण तरी म्हणायचं म्हणून पुढे झुकले. पोरी, तू बसलीस तिथं माझ्या बापाचं मीठ पिकायचं. तिनं मान वर केली. खरंच का आजी, असं विचारलं. कुठे नक्की? मला सांगता येईना. आता सगळीकडे फरशीच. ती म्हणाली, खिडकीजवळची सीट देऊ का, वरून दिसेल कदाचित. पुढचं भाषण विसरले. सीट घेतली.

८ मे, हॉटेलात

मसुरी. थंडी आहे. मान दुखते.

काउंटरनंतर तपासणी असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पडद्यामागे वर्दीतल्या बाईनं कोट उघडला आणि एक पाऊल मागे गेली. मग एकेक खिसा. ट्रे भरले. माझे बोंबील पट्ट्यावरून बाहेर आले, एका साहेबाच्या लॅपटॉपच्या मागोमाग. साहेबानं लॅपटॉप उचलला आणि वास घेतला.

बोंबील सोडले. जवळा सोडला. मसाला नाही. मिरचीची पूड जवळ बाळगून विमानात चढता येत नाही, असं ती म्हणाली. बॅगेत टाकली असती तर चाललं असतं, आजी.

बॅगेत सात किलो जागा होती.

दोन्ही पिशव्या काचेच्या पेटीत टाकल्या. तिथं आधीच कात्र्या होत्या, लायटर होते. माझा मसाला कात्र्यांबरोबर बसला.

खिडकीतून बघितलं. खाडी दिसली, मग ढग. माहेर कुठलं ते कळलं नाही.

मसाला गेला आणि वरवंटा पोचला. देवी, तुझा हिशेब मला समजत नाही.

९ मे

मालतीबाईनं रात्रीच बॅग उघडली असणार. आमची खोली एकच आहे. स्वेटर घातला होता सकाळी, म्हणजे तळापर्यंत पोचली आहे. काही बोलली नाही. मी पण नाही.

नाश्त्याला पराठे. तिनं लोणचं माझ्याकडे सरकवलं. यात काय डाव असेल?

११ मे

अजून गप्प. धबधबा बघायला गेलो, पायऱ्यांवर तिनं माझा हात धरला. ढकलणार असेल म्हणून मी कठडा पकडून ठेवला. ढकललं नाही.

राजमा. पुन्हा राजमा. बोंबील आहेत, पण मसाल्याशिवाय बोंबील म्हणजे लाकूड. संध्यानं हॉटेलवाल्याची लाल पूड आणून दिली. तिच्यात तिखट सोडून सगळं होतं.

मशीनचा विषय मनातून जात नाही. आठ कसे? कोणी नसताना गुलाबी बॅग डोक्यावर घेऊन बघायची ठरवलं. ती साडेएकोणीस, हे मशीननं सांगितलं. माझ्या मानेनं अठ्ठावीस सांगितले तर मशीन खोटं ठरलं.

चुंबळ आणली आहे बरोबर.

१२ मे

बॅग घेतली. गुडघ्यापर्यंत आली. तिथून वर आली नाही. दोनदा बघितलं. बॅगेचा पट्टा निसरडा आहे.

चुंबळ डोक्यावर ठेवून तशीच बसले होते, तेवढ्यात मालतीबाई मोरीतून बाहेर आली. बघितलं. चहा सांगू का, एवढंच.

ती बोलत नाही म्हणून मी कधी नव्हे इतकी घाबरले आहे.

१३ मे

निघायचा दिवस. एकदाच बोलते आणि बंद करते.

विपुल सगळ्यांच्या बॅगा मोजायला खोलीत आला, मालतीबाईचाच दुसरा काटा घेऊन. परत जाताना खरेदीचं वजन असतं. गुलाबी बॅग उचलली, थांबला, चेन उघडली. तळातून दुपटं काढलं. दुपट्यातून वरवंटा.

खोलीत सगळे. संध्या, मनस्वी, मालतीबाई. विपुल दगडाकडे बघत होता, मग माझ्याकडे. घरचा वरवंटा त्याला ओळखता येतो, लहानपणी त्यावर नारळ फोडायचा. एवढंच म्हणाला, आई.

एका शब्दात पुढच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. चांगुणाबाईचा ओटा दिसला मला, त्यावर मी, आणि खिळ्याला टांगलेली छत्री.

मी तोंड उघडायच्या आत मालतीबाई म्हणाली, “माझा हाय तो. मीच मागून घेतला विहीनबाईंकडून. मनूच्या बारशाला पाळण्याखालून त्यांनी दिला, मी घेतला. तवापासून मनात होता.”

विपुलनं विचारलं, मसुरीला? ती म्हणाली, माझी बॅग, माझा दगड, जावईबापू, तुमी तुमचं सामान बघा. सासूपुढे तो काय बोलणार? दगड पलंगावर ठेवून गेला. त्याच्यामागून संध्या आणि मनस्वी, हसत.

आम्ही दोघीच राहिलो. मी म्हटलं, आणा, माझ्या बॅगेत टाकते, जागा आहे. उचलायला गेले. एका हातानं उचलेना. दोन हातांनी उचलला, मांडीपर्यंत आला, तिथंच राहिला. हा दगड मी रोज फिरवायचे. नारळ, लसूण, मिरची, चार माणसांचं वाटण.

मालतीबाईनं बघितलं. दाराकडे नजर टाकली, कोणी नव्हतं. मग माझ्या मांडीवरून दगड उचलून घेतला, बारशात घेतात तसा, खालून हात घालून. हळू आवाजात म्हणाली, “इतका लांब आनलात, तर पाटा पन आनायचा ना. दोघी बसून वाटलं असतं.”

उत्तर तयार होतं माझ्याकडे. दहा उत्तरं होती, दिवाळीपासूनची.

ती दुपटं घालायला लागली. दुपटं अपुरं पडत होतं, दगड दोन्ही बाजूंनी बाहेर येत होता. बॅगेत वाजला असता.

मी चुंबळ सोडली आणि दिली तिला, गुंडाळायला.